जिनची अभिजात कॉकटेल आणि त्यांचा उगम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉकटेल या शब्दाचा मूळ अर्थ काय होता?

मे १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन या गावी निघणाऱ्या एका वृत्तपत्राला वाचकाने हाच प्रश्न विचारला होता. संपादकाने दिलेले उत्तर असे, की कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स यांच्या मिश्रणाला कॉकटेल म्हणतात. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या, साली आणि मसाले तीव्र मद्यार्कात मुरवून काढलेला अर्क. तो थेंबांनी मोजतात. त्या काळी पंच, स्लिंग आणि कॉकटेल हे वेगवेगळे प्रकार मानले जात आणि जिन, लिंबाचा रस, साखर व सोडा यांच्या टॉम कॉलिन्समध्ये बिटर्स नसल्यामुळे जुन्या व्याख्येप्रमाणे ते कॉकटेल ठरतही नाही. पुढे एकाच शब्दाने सगळी मिश्र पेये पोटात घेतली. खालील उत्तरांत तो शब्द याच सैल अर्थाने वापरला आहे.

उगमाच्या इतक्या कथा ऐकायला मिळतात. त्यांतील खरी कोणती, हे कसे ओळखावे?

कथा कोणी सांगितली आणि केव्हा सांगितली, हे आधी पाहावे. एखाद्या पेयाचा जन्म अमुक हॉटेलात झाला, असे ते हॉटेल पन्नास वर्षांनी सांगू लागते, तेव्हा ती जाहिरात असू शकते. त्याच पेयाची कृती एखाद्या जुन्या पुस्तकात, खाद्यपत्रिकेत किंवा वर्तमानपत्रात छापलेली सापडली, तर निदान त्या वर्षी ते पेय अस्तित्वात होते, एवढे निश्चित होते. छापील कृती निर्मात्याचे नाव सांगेलच असे नाही, पण खोट्या दाव्याला आळा घालण्याचे काम ती चोख करते. दुसरी कसोटी साहित्याची आहे. जे मद्य, जो रस किंवा जे सोडापाणी त्या शहरात त्या वर्षी मिळतच नव्हते, त्याचे कॉकटेल तिथे तयार होणे शक्य नाही. या दोन कसोट्यांवर बऱ्याच प्रिय कथा टिकत नाहीत. जे उरते ते मात्र त्या कथांहून अधिक मनोवेधक असते, असा माझा अनुभव आहे.

जिन ही मुळात इंग्लंडची की हॉलंडची?

पूर्वज डच आहे आणि आज आपण जिला जिन म्हणतो ती इंग्रज आहे. नेदरलँड्समध्ये धान्यापासून काढलेल्या मद्यात जुनिपरची फळे घालून येनेव्हर नावाचे पेय करीत, आणि त्याच नावाचे आखूड रूप म्हणजे जिन. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही फळे नसून एका सूचिपर्णी झुडपाचे मांसल शंकू असतात. १६८९ मध्ये ऑरेंजचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला, फ्रेंच ब्रँडीवर निर्बंध आले आणि देशी धान्याच्या ऊर्ध्वपातनाला मोकळीक मिळाली. त्यानंतरच्या अर्धशतकात लंडनमधल्या गरीब वस्त्यांत स्वस्त जिनने जो हाहाकार माजवला, त्याला आवर घालण्यासाठी १७३६ चा आणि नंतर १७५१ चा कायदा करावा लागला. विल्यम होगार्थचे ‘जिन लेन’ हे भीषण चित्र १७५१ मधलेच आहे.

कॉकटेलच्या दृष्टीने त्यापुढची पायरी महत्त्वाची आहे. एनियास कॉफी या आयरिश गृहस्थाने १८३० मध्ये अखंड चालणाऱ्या भट्टीचे पेटंट घेतले. तोवरच्या मद्याचा उग्रपणा झाकण्यासाठी जिनमध्ये गोडवा मिसळावा लागे आणि त्या गोडसर प्रकाराला ओल्ड टॉम म्हणत. नव्या भट्टीतून स्वच्छ मद्य निघू लागल्यावर गोडव्याची गरज संपली आणि लंडन ड्राय हा कोरडा प्रकार पुढे आला. लंडन ड्राय हे नाव पद्धतीचे आहे, गावाचे नाही. अशी जिन जगात कुठेही करता येते. जुन्या कृती वाचताना त्यातली जिन ओल्ड टॉम आहे की ड्राय, हे पाहिले नाही, तर पेयाचा तोल समजत नाही.

टॉम कॉलिन्स नावाचा कोणी माणूस होता का? आणि या पेयाचा गोव्याशी संबंध लावतात तो कशावरून?

लंडनमधल्या कॉन्ड्युइट स्ट्रीटवर लिमर्स नावाचे हॉटेल होते. तिथला मुख्य वाढपी जॉन कॉलिन्स हा जिन, लिंबाचा रस, साखर आणि सोडा यांच्या थंडगार पंचसाठी प्रसिद्ध होता. त्याच्या नावाचे पेय अमेरिकेत पोहोचले आणि त्यात ओल्ड टॉम जिन वापरली जात असल्यामुळे जॉनचा टॉम झाला, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. १८७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक खोडी पसरली होती. ‘टॉम कॉलिन्स नावाचा माणूस पलीकडच्या गुत्त्यात बसून तुझी निंदा करतो आहे’ असे मित्राला सांगायचे आणि तो संतापून शोधायला निघाला की हसायचे. या खोडीनेही नाव पक्के व्हायला हातभार लावला असावा, कारण जेरी थॉमस या नामांकित अमेरिकी बारटेंडरच्या मार्गदर्शिकेच्या १८७६ च्या आवृत्तीत ‘टॉम कॉलिन्स’ छापलेले आढळते.

गोव्याचा धागा पंच या शब्दातून येतो. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७० च्या दशकात सुरत, मुंबई आणि गोवा या किनाऱ्यावर फिरला. त्याने लिहून ठेवले आहे, की गोव्यातल्या नेरूळला उत्तम अराक, म्हणजे माडापासून काढलेले मद्य, मिळतो, त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पाँच’ नावाचे पेय करतात आणि पाच जिनसांमुळे त्याला ते नाव मिळाले आहे. इंग्रजीत हा शब्द त्याआधीच, १६३२ मध्ये लिहिलेला सापडतो आणि त्याच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. परंतु मद्य, आंबट, गोड, पाणी आणि मसाला ही पंचची चौकट इंग्रज दर्यावर्दींनी पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर आत्मसात केली, याला भरपूर आधार आहे. पुढे लंडनच्या क्लबांत अराकच्या जागी जिन आली, साध्या पाण्याच्या जागी सोडा आला, आणि मोठ्या वाडग्याऐवजी एकट्याचा उंच ग्लास आला. कॉलिन्स हा त्या पंचचाच वंशज आहे.

मार्टिनीचा जन्म नेमका कुठे झाला?

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कॅलिफोर्नियातले मार्टिनेझ हे गाव आपला हक्क सांगते, सॅन फ्रान्सिस्को आपला सांगते, आणि न्यूयॉर्कच्या निकरबॉकर हॉटेलमध्ये मार्टिनी नावाच्या बारटेंडरने विसाव्या शतकाच्या आरंभी हे पेय केले, असेही वारंवार छापले जाते. शेवटचा दावा तर सहज बाद होतो, कारण ते हॉटेल १९०६ मध्ये उघडले आणि हॅरी जॉन्सनच्या १८८८ च्या पुस्तकात मार्टिनी कॉकटेल आधीच आहे.

छापील कागदांवरून दिसणारा प्रवास असा आहे. १८८४ मध्ये ओ. एच. बायरन याच्या पुस्तकात मार्टिनेझ या कॉकटेलचे नाव येते आणि कृती म्हणून एवढीच सूचना दिलेली आहे, की व्हिस्कीच्या मॅनहॅटन कॉकटेलप्रमाणेच करावे, फक्त व्हिस्कीऐवजी जिन घालावी. १८८७ मध्ये, जेरी थॉमसच्या निधनानंतर निघालेल्या आवृत्तीत, मार्टिनेझची सविस्तर कृती मिळते. तिच्यात ओल्ड टॉम जिन एक भाग, गोड व्हर्मुथ दोन भाग, शिवाय माराश्कीनो हे चेरीचे लिकर आणि बिटर्स आहेत. आजची बर्फासारखी कोरडी मार्टिनी डोळ्यांपुढे असणाऱ्याला हे वाचून धक्का बसतो, कारण इथे जिन दुय्यम आहे आणि पेय तांबूस, गोड आहे.

व्हर्मुथ म्हणजे वनौषधी घालून मद्यार्काने बळकट केलेली वाइन. इटलीतले तुरीन हे तिच्या गोड प्रकाराचे माहेर; कोरडा, फिका प्रकार एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये नावारूपाला आला. शतकाच्या अखेरीस अमेरिकी बारमध्ये फ्रेंच व्हर्मुथ आणि लंडन ड्राय जिन या दोन्ही कोरड्या गोष्टी एकत्र आल्या, संत्र्याचे बिटर्स त्यांच्या जोडीला आले आणि ड्राय मार्टिनी तयार झाली. ड्राय हा शब्द तेव्हा गोडव्याच्या अभावाबद्दल होता. व्हर्मुथ जितकी कमी तितकी मार्टिनी ड्राय, हा अर्थ नंतर चिकटला आणि दारूबंदीनंतरच्या दशकांत तो इतका ताणला गेला, की व्हर्मुथची बाटली नुसती दाखवून परत ठेवण्याचा प्रघात पडला. हे मार्टिनीचे नुकसान आहे, असे मी मनापासून मानतो. व्हर्मुथ नसलेली मार्टिनी म्हणजे थंड जिन, आणि बहुधा जुनी, उघड्या कपाटात ठेवून उतरलेली व्हर्मुथ चाखल्यामुळेच तिचे इतके वैरी तयार झाले. ती वाइन आहे, त्यामुळे उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवावी आणि एकदोन महिन्यांत संपवावी.

मार्टिनी घुसळावी की ढवळावी?

ज्या पेयात फळांचा रस, मलई किंवा अंडे नाही ते ढवळावे, हा जुना नियम आहे. शेकरमध्ये घुसळल्याने पेयात हवेचे बारीक बुडबुडे आणि बर्फाचे कण मिसळतात, ते गढूळ होते व पाणीही लवकर सुटते. ज्यांना तशीच आवडते त्यांनी तशी घ्यावी. पण ढवळलेल्या मार्टिनीचा जो जडसर, रेशमी पोत असतो, तो घुसळून मिळत नाही.

नेग्रोनी खरोखर एका काउंटने शोधली का?

प्रचलित हकिकत अशी आहे. १९१९ च्या सुमारास फ्लॉरेन्समधल्या काफे कासोनी येथे काउंट कामिल्लो नेग्रोनी नियमित जात असे. कांपारी, गोड व्हर्मुथ आणि सोडा यांचे अमेरिकानो हे पेय त्याला सौम्य वाटू लागले, म्हणून सोड्याऐवजी जिन घालण्यास त्याने फोस्को स्कार्सेल्ली या बारटेंडरला सांगितले आणि वेगळेपणाची खूण म्हणून लिंबाऐवजी संत्र्याची चकती लावण्यात आली. दुसऱ्या एका फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्याच्या वतीनेही त्याच आडनावावरून दावा केला जातो. छापील नेग्रोनी या घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी दिसू लागते, त्यामुळे माझ्या कसोटीवर ही कथा पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होत नाही. तरीही इथे गाव, दुकान, माणसे आणि आधीचे पेय हे सारे जागच्या जागी आहे, आणि अमेरिकानोपासून नेग्रोनीपर्यंतचे पाऊल एवढे छोटे आहे, की ते कोणीतरी असेच टाकले असणार.

कांपारी हे कडू, लालभडक पेय गास्पारे कांपारीने १८६० मध्ये नोव्हारा येथे सिद्ध केले. त्याचा लाल रंग अनेक दशके कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला असे. शाकाहारी वाचक त्याबद्दल विचारतात, म्हणून सांगतो, की २००६ च्या सुमारास उत्पादकांनी तो सोडून दिला. नेग्रोनीचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: जिन, कांपारी आणि गोड व्हर्मुथ प्रत्येकी ३० मिलिलिटर. मोठ्या बर्फावर ढवळावे.

जिन आणि टॉनिक हे हिंदुस्थानातल्या मलेरियावरचे औषध होते का?

अर्धे खरे आहे. पेरू देशातल्या सिंकोना झाडाच्या सालीतले क्विनाइन १८२० मध्ये फ्रान्समध्ये वेगळे काढण्यात आले आणि मलेरियाप्रदेशांतल्या इंग्रज अंमलदारांना व सैनिकांना ते नियमित घ्यावे लागे. ब्रिटिशांनी १८६० च्या सुमारास निलगिरीत सिंकोनाची लागवडही सुरू केली. एरॅस्मस बाँड या लंडनच्या उत्पादकाने १८५८ मध्ये क्विनाइनयुक्त सोडापाण्याचे पेटंट घेतले, आणि १८७० च्या दशकात श्वेप्सचे टॉनिक बाजारात आले.

मात्र जिन आणि टॉनिक एकत्र घेतल्याचा आजवर सापडलेला जुना उल्लेख दवाखान्यातला नाही. तो १८६८ मधला, सियालकोटच्या घोड्यांच्या शर्यतींच्या वृत्तांतातला आहे, आणि तिथे मंडळी शर्यत संपल्यावर ते पेय मागताना दिसतात. म्हणजे आरंभापासून ते गार करणारे, तरतरी देणारे पेय होते. आजच्या टॉनिकबद्दल तर शंकाच नको. अमेरिकेत त्यातल्या क्विनाइनची मर्यादा दर दशलक्ष भागांत ८३ भाग, म्हणजे लिटरला सुमारे ८३ मिलिग्रॅम, एवढी आहे. उपचारासाठी दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक मात्रा लागे. मलेरिया झाल्यास डॉक्टरांकडे जावे.

गिमलेट हे नाव एका नौदल डॉक्टरचे आहे का?

ब्रिटिश नौदलात थॉमस गिमलेट नावाचे शल्यचिकित्सक होते हे खरे, आणि खलाशांनी स्कर्व्ही या क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगापासून वाचण्यासाठी लिंबूरस घ्यावा म्हणून त्यांनी त्यात जिन मिसळली, असे सांगतात. दुसरा तर्क अवजाराचा आहे. लाकडाला किंवा पिंपाला भोक पाडणाऱ्या हत्याराला इंग्रजीत गिमलेट म्हणतात. आपल्या सुतारकामातला गिरमिट हा शब्दही त्याच मुळाचा मानला जातो. तीक्ष्ण पेयाला असे नाव मिळणे स्वाभाविक आहे.

साहित्याचा इतिहास अधिक ठाम आहे. १८६७ मध्ये लॉकलन रोज या स्कॉटिश व्यापाऱ्याने मद्यार्काऐवजी साखरेने लिंबूरस टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने व्यापारी जहाजांवर लिंबूरस ठेवणे बंधनकारक झाले. बाटलीबंद लाइम कॉर्डियल, म्हणजे साखरेत टिकवलेला लिंबूरस, असे सर्व बंदरांत पोहोचले. गिमलेट हे जिन आणि त्या कॉर्डियलचे पेय आहे. ताजा रस आणि साखर घातल्यास पेय चांगलेच होते, पण चव निराळी लागते.

सिंगापूर स्लिंगची मूळ कृती कोणती?

रॅफल्स हॉटेलच्या सांगण्यानुसार तिथल्या लाँग बारमध्ये हायनानी बारटेंडर न्याम टाँग बून याने १९१५ मध्ये ती केली. सिंगापूरमध्ये जिन स्लिंग त्याआधीपासून पीत होते, आणि १९२२ च्या एका लंडन पुस्तकात छापलेल्या ‘स्ट्रेट्स स्लिंग’मध्ये जिन, चेरी ब्रँडी आणि बेनेडिक्टीन हे वनौषधींचे लिकर आहे, पण अननस नाही. अननसाच्या रसाचा गुलाबी फेस हे नंतरचे रूप असावे. रंगूनच्या पेगू क्लबचे कॉकटेल याच काळातले. जिन, क्युरासाव हे संत्र्याचे लिकर, लिंबू आणि बिटर्स यांचे हे मिश्रण १९२७ मध्ये पॅरिसमध्ये छापले गेले. माझ्या मते ते स्लिंगपेक्षा सरस आहे आणि त्याला आपल्याकडे फारच कमी ओळख आहे.

जिनची बहुतेक कॉकटेल अमेरिकेतल्या दारूबंदीत जन्मली का?

नाही. दारूबंदी १९२० ते १९३३ अशी होती. कॉलिन्स, मार्टिनी, फिझ ही सारी त्याआधीची. न्यू ऑर्लिन्सच्या हेन्री रामोसने आपली मलई, अंड्याचा पांढरा बलक आणि नारिंगीच्या फुलांचे पाणी घातलेली जिन फिझ १८८८ मध्ये आणली, आणि ती इतका वेळ घुसळावी लागे की गर्दीच्या दिवसांत शेकर हातोहात फिरवणाऱ्या पोरांची रांगच उभी केली जाई. माराश्कीनो, लिंबू आणि जांभळ्या व्हायोलेट लिकरचे एव्हिएशन हे ह्यूगो एन्सलिनच्या १९१६ च्या न्यूयॉर्की पुस्तकात आहे. ‘लास्ट वर्ड’ हेही त्याच सुमारास डेट्रॉइटच्या एका अ‍ॅथलेटिक क्लबच्या खाद्यपत्रिकेवर होते. नंतर ते जवळपास विसरले गेले आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी सिअ‍ॅटलच्या एका बारटेंडरने जुन्या पुस्तकातून पुन्हा उजेडात आणले.

दारूबंदीने केले ते एवढेच, की कुशल माणसे देशोधडीला लागली आणि युरोप समृद्ध झाला. हॅरी क्रॅडॉक अमेरिकेतून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आला आणि १९३० मध्ये त्या हॉटेलच्या नावाचे प्रसिद्ध कॉकटेल पुस्तक निघाले. व्हाइट लेडी आणि कॉर्प्स रिव्हायव्हर क्रमांक २ या जिनच्या कॉकटेलांची कीर्ती त्यातूनच पसरली. पण सॅव्हॉयच्याच ‘अमेरिकन बार’ची प्रमुख १९०३ पासून १९२६ पर्यंत एडा कोलमन ही स्त्री होती, हे विसरले जाते, आणि ते मला फार खटकते. जिन, गोड व्हर्मुथ आणि फर्नेट ब्रांका हे कडू इटालियन मद्य यांचे हँकी पँकी तिने चार्ल्स हॉट्री या नटासाठी केले आणि ते कसे घडले हे तिने स्वतःच वर्तमानपत्राला सांगितले. या क्षेत्रात निर्मात्याचा स्वतःचा असा जबाब क्वचितच हाती लागतो.

‘बॉम्बे’ नावाची प्रसिद्ध जिन मुंबईत तयार होते का?

होत नाही. बॉम्बे सफायर १९८० च्या दशकात आलेली इंग्लिश जिन आहे आणि तिची भट्टी हॅम्पशर परगण्यातल्या लॅव्हरस्टोक मिल येथे आहे. नावातला नीलमणी ‘स्टार ऑफ बॉम्बे’ या रत्नावरून घेतला आहे, आणि ते रत्नही मूळचे श्रीलंकेचे. आपल्या भूमीतली जिन हवी असेल तर गोव्याकडे पाहावे. तिथे २०१७ मध्ये ‘ग्रेटर दॅन’ ही लंडन ड्राय पद्धतीची जिन आली. तिच्याच उत्पादकांनी पुढे हिमालयातले जुनिपर वापरून ‘हपुसा’ काढली, जिचे नाव हपुषा या जुनिपरच्या संस्कृत नावावरून आले आहे. मार्टिनेझसारख्या गोडसर पेयात हपुसाचा मातकट सुगंध मला फार शोभून दिसला.

घरी करून पाहताना कृतीतले लेमन आणि लाइम म्हणजे आपले कोणते लिंबू?

आपले कागदी लिंबू हे लाइमच्या कुळातले आहे, लहान आणि अधिक आंबट. गिमलेट, पेगू क्लब आणि लास्ट वर्ड यांत ते जसेच्या तसे चालते. टॉम कॉलिन्समध्ये आजच्या प्रचलित कृतीत ४५ मिलिलिटर जिनला ३० मिलिलिटर लेमनचा रस, १५ मिलिलिटर साखरेचा पाक आणि ६० मिलिलिटर सोडा असतो. कागदी लिंबू घेतल्यास रस २० मिलिलिटरवर आणावा आणि चव घेऊन पाक बेताने वाढवावा. रस आयत्या वेळी काढावा, बी चुरडू देऊ नये. नेग्रोनीवर साल लावताना नागपुरी संत्र्याची सैल साल मँडरिन गटातली असल्यामुळे तिचा गंध थोडा वेगळा येतो, पण ती ताजी असेल तर आयात केलेल्या शिळ्या संत्र्यापेक्षा मी तीच घेईन. आतला पांढरा भाग खरवडून टाकावा आणि साल पेल्यावर धरून पिळावी, म्हणजे तिचे तेल पृष्ठभागावर पसरते. महाराष्ट्रात जिनसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे व परवाना लागतो, तो आधी काढून ठेवावा.